१९३५च्या नॅशनल चिकल फुटबॉल संचात नवी कार्डं घालायची असतील, तर आधीची छत्तीस मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ओहायोत राहता, चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात तुम्हा दोघांना नॅशनल चिकल कंपनीची १९३५ची दोन झिजकी कार्डं मिळाली, १४ नंबरचा फिल सार्बो आणि १९ नंबरचा राल्फ कर्चेव्हल. पाठीवर २४० खेळाडूंपैकी हा एक, असं छापलेलं आहे आणि प्रत्यक्षात संच ३६वर संपतो. मग उरलेली २०४ आपणच काढू, असं बापलेकांनी ठरवलंत. कोणाला घ्यायचं, चित्रं कशी काढायची, आणि हे करणं गैर तर नाही ना, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी मूळचा सांगलीचा, ऑफसेट छपाईतला माणूस. बावीस वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, आणि या एकाच संचाला जोड म्हणून आजवर एकोणीस कार्डं काढली आहेत. तेव्हा जे सांगतो ते हात काळे करून शिकलेलं आहे.

२०४च्या आकड्याचं आधी बोलू, कारण मीही तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच वर्ष घालवलं. १९३५ साली एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, नऊच संघ होते. पूर्वेला न्यूयॉर्क जायंट्स, ब्रुकलिन डॉजर्स, पिट्सबर्ग पायरेट्स, बोस्टन रेडस्किन्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स. पश्चिमेला डेट्रॉइट लायन्स, ग्रीन बे पॅकर्स, शिकागो बेअर्स आणि शिकागो कार्डिनल्स. त्या हंगामात एका संघाला २४ खेळाडू ठेवायची मुभा होती. नवांना चोवीसने गुणा, २१६ होतात. म्हणजे लीगमधला शेवटचा राखीव गार्डसुद्धा कार्डावर घेतला असता तरी २४० भरले नसते. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो होतो. २४०चा आकडा छापणाऱ्याच्या मनात एनएफएलबाहेरची माणसं होती, असाच याचा अर्थ निघतो. आणि त्याचा पुरावा संचातच आहे: ९ नंबरला नूट रॉकनी. नोटर डेम विद्यापीठाच्या संघाचा हा प्रशिक्षक १९३१च्या मार्चमध्ये कॅन्ससमध्ये विमान कोसळून गेला. संच निघाला तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. छत्तिसांत तो एकटाच व्यावसायिक लीगबाहेरचा. एक दार तिथे उघडं ठेवलेलं आहे. त्या दारातून कोणाला आत घ्यायचं याकडे पुढे येतोच.

कंपनीबद्दल दोन शब्द, मुलाला सांगायला. नॅशनल चिकल मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची, म्हणजे चार्ल्स नदीच्या अलीकडे केंब्रिज आणि पलीकडे बोस्टन. धंदा च्युइंग गमचा, कार्ड हे गमबरोबरचं आमिष. बेसबॉलचा त्यांचा डायमंड स्टार्स हा संच जास्त गाजला, विमानांवरचा स्काय बर्ड्सही त्यांचाच. आमच्या लहानपणी बिग फनच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची आणि गम थुंकून आम्ही चित्र जपायचो, तोच प्रकार, फक्त पन्नास वर्षं आधी. व्यावसायिक फुटबॉलला वाहिलेला गमबरोबरचा पहिला संच म्हणून या छत्तीस कार्डांना मान आहे. त्यातलं ३४ नंबरचं ब्रॉन्को नागुर्स्कीचं कार्ड जुन्या फुटबॉल कार्डांतल्या सर्वांत महागड्यांपैकी एक आहे. २५ ते ३६ ही बारा कार्डं पहिल्या चोवीसपेक्षा बरीच दुर्मीळ, हे तुम्ही बाजारात फिरलात म्हणजे कळलंच असेल.

आता असं करा. चित्रकलेची वही बाजूला ठेवा, छत्तीस नावांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे मुलाला संघ लिहायला सांगा. आधी फक्त पहिली चोवीस.

१, ५, १२ डेट्रॉइट. २, ७, १७ जायंट्स. ३, ४, ८ ईगल्स. ६, १०, ११ बोस्टन. १३, १४, १८ कार्डिनल्स, त्यात तुमचा सार्बो. १५, १६, २० पिट्सबर्ग. १९, २१, २२ ब्रुकलिन, त्यात तुमचा कर्चेव्हल. सात संघ, प्रत्येकी तीन, एकवीस झाले. मग रॉकनी. आणि अगदी शेवटी, २३ला बेअर्सचा बीटी फेदर्स, २४ला पॅकर्सचा क्लार्क हिंकल. बेअर्स आणि पॅकर्स, त्या काळातले दोन सर्वांत दबदब्याचे संघ, त्यांना पहिल्या चोवीसमध्ये एकेकच जागा!

हे योगायोगाने होत नाही. यादी करणाऱ्याने प्रत्येक संघाचे तीन असं धरलं होतं, आणि या दोन संघांचं सामान त्याच्या हाती उशिरा आलं, मग ते छायाचित्रं असोत की परवानग्या. नक्की काय अडलं ते ठाऊक नसलं तरी अडलं होतं एवढं क्रमांकच सांगतात. आता २५ ते ३६ पाहा. त्यात बेअर्सचे एकदम तीन येतात, नागुर्स्की, ल्यूक जॉन्सॉस आणि बर्नी मास्टरसन, ओळीने ३४, ३५, ३६. पॅकर्सचे दोन, ३२ आणि ३३. उरलेल्या संघांना एकेक, एखाद्याला दोन, आणि कार्डिनल्सना एकही नाही. बेरीज केलीत तर बहुतेक संघ चारावर पोचलेले दिसतील. पॅकर्स आणि कार्डिनल्स तिनावर थांबलेत. एक संघ पाचांवर.

मला या कामात सगळ्यात जास्त आनंद झाला तो या क्षणी. तोवर मी आवडते खेळाडू निवडत होतो. त्यानंतर मला संच वाचता येऊ लागला. चार-चारची रांग पुरी व्हायला पॅकर्सचा एक आणि कार्डिनल्सचा एक हवा आहे, ही मागणी संचाचीच आहे. तेव्हा ३७ आणि ३८ हे दोन नंबर तिथेच जायला हवेत. कोणी काही म्हणो, माझ्या मनात याबद्दल शंका नाही.

दुसरी गोष्ट यादीच सांगते ती वेळेबद्दल. २१ नंबरचा क्लिफ मॉन्टगोमेरी ब्रुकलिनकडून फक्त १९३४च्या हंगामात खेळला. पहिली चोवीस नावं गेल्या हंगामाच्या संघांवरून उचलली असावीत असं त्यावरून दिसतं. उलट २८ नंबरचा स्टॅन कोस्टका हा १९३५चा नवा गडी. मिनेसोटा विद्यापीठातून तो बाहेर पडला तेव्हा संघांनी त्याच्यासाठी बोली चढवली आणि तो ब्रुकलिनला गेला. ती चढाओढ पाहूनच ईगल्सच्या बर्ट बेलने खेळाडू वाटून घेण्याची पद्धत सुचवली, आणि १९३६च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला. म्हणजे दुसरी बारा कार्डं हंगामाच्या तोंडावर किंवा हंगाम सुरू असताना तयार झाली. आपण जे ३७ ते ४८ काढू ते त्याच्याही पुढचं, १९३५च्या पानगळीतलं. त्यामुळे तुमच्या मुलाला एक नियम घालून द्या: डिसेंबर १९३५ नंतर जे घडलं ते आपल्याला माहीत नाही. पास फेकण्यात पुढे गाजलेला सॅमी बॉ नाही, तो १९३७ला आला. जे बर्वांगर नाही, तो त्या शरद ऋतूत शिकागो विद्यापीठाचा हौशी खेळाडू होता. ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला तरी तो एनएफएलमध्ये कधी खेळलाच नाही. त्या वेळी त्याचं कार्ड गमच्या पुडीत घालणं म्हणजे त्याच्या हौशीपणावर बट्टा लावणं झालं असतं.

आता नावं. पॅकर्सच्या जागेवर कोण?

सगळे डॉन हटसन म्हणतात. मीही त्याला काढला, पण ३७वर नाही. हटसन १९३५लाच अलाबामाहून आला. त्याने पॅकर्स आणि ब्रुकलिन दोघांचेही करार सही करून पाठवले होते, आणि लीगचा अध्यक्ष जो कार याने टपालाचा शिक्का आधी कोणाचा ते पाहून निकाल दिला, पॅकर्सचा १७ मिनिटं आधीचा, अशी गोष्ट सांगतात. २२ सप्टेंबरला बेअर्सविरुद्ध त्याने आर्नी हर्बरचा पास पकडून ८३ यार्डांचा टचडाऊन केला आणि पॅकर्सनी सामना ७-० जिंकला. एवढा मोठा खेळाडू, पण मोठ्या संचातलं त्याचं पहिलं कार्ड यायला १९५५ उजाडावं लागलं, टॉप्सच्या ऑल-अमेरिकन संचात. वीस वर्षं! तेव्हा त्याला हक्काची जागा द्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण केंब्रिजमधल्या माणसाच्या खुर्चीत बसून विचार करा. त्याला सप्टेंबरअखेर फार तर एवढं कळलं असणार की ग्रीन बेला एक काटकुळा नवा एंड, म्हणजे रांगेच्या टोकाला खेळणारा गडी, आलाय. ज्याचं नाव त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं तो आर्नी हर्बर, ग्रीन बेचाच पोरगा, लांब पास फेकण्यात लीगमध्ये अव्वल. म्हणून माझा ३७ हर्बर आहे, आणि हटसन ४८, त्या तावावरचा शेवटचा. ज्याने पास फेकला तो रांगेच्या या टोकाला, ज्याने पकडला तो त्या टोकाला. मधली दहा कार्डं हवेत चेंडू असल्यासारखी वाटतात मला.

कार्डिनल्सच्या जागेवर डग रसेल. १९३५ला सर्वांत जास्त धावला तो, ४९९ यार्ड. तो आकडा हंगाम संपल्यावरचा असल्यामुळे कार्डावर येणार नाही. पण कार्डिनल्सकडे तो १९३४पासून होता, म्हणजे आपल्या नियमात बसतो.

मग मेल हाइन. जायंट्सची रांग पुरी झाली हे खरं, पण तिच्यात हाइन नाही ही या संचातली सगळ्यात मोठी पोकळी आहे असं माझं ठाम मत आहे. १९३१पासून जायंट्सचा सेंटर, आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे, सामनाभर मैदानावर. सेंटर हा चेंडू मागे देणारा माणूस, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कार्ड काढणाऱ्याचंही गेलं नाही. तुमचा मुलगा कुठल्या जागेवर खेळतो ते तुम्ही लिहिलं नाहीत. लाइनमध्ये खेळत असेल तर त्याला पहिलं कार्ड हाइनचंच काढू द्या.

जायंट्सचाच एड डॅनोस्कीही घ्या. १९३४चा अंतिम सामना ९ डिसेंबरला पोलो ग्राउंड्सवर, मैदान बर्फाने टणक, खिळ्यांचे बूट घसरतायत. मॅनहॅटन कॉलेजमधून रबरी तळाचे बास्केटबॉलचे बूट आणवले आणि जायंट्सनी शेवटच्या पावात २७ गुण करून बेअर्सना ३०-१३ हरवलं. संच काढणाऱ्याला ही गोष्ट नक्की माहीत असणार, देशभरच्या वर्तमानपत्रांत आली होती. मी डॅनोस्कीच्या पायात ते कापडी बूट काढले आणि पार्श्वभूमी निळसर पांढरी ठेवली. चित्रात एवढी एकच गोष्ट सांगायची, जास्त नाही.

बेअर्सकडून बिल हेविट. याचं चित्र काढण्यात मी तीन आठवडे घालवले. हेविट शिरस्त्राण घालायचा नाही. त्या काळी सक्ती नव्हती, ती एनएफएलमध्ये १९४३ला आली. चामड्याची टोपी नसल्यामुळे चेहरा मोकळा मिळतो, आणि तिथेच हात अडतो. त्या संचातले चेहरे छायाचित्रावरून काढलेले आहेत, पण सावल्या तीन-चार सपाट तुकड्यांत मोडलेल्या. गालावर एक गडद तुकडा, हनुवटीखाली एक, कपाळावर उजेड. मी आधी पेन्सिलीने हळूहळू छटा चढवत गेलो आणि ते आजच्या चित्रासारखं दिसू लागलं. मग माझ्याकडचा कर्चेव्हल दहापट भिंगाखाली धरला. बघतो तर भुवई म्हणजे एक रेघ, डोळा म्हणजे सावलीचा ठिपका, बस्स. हातभर लांब धरलं की माणूस जिवंत होतो. तेव्हापासून मी चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा काढतो, मोठा काढून लहान करत नाही. मोठा काढला की हात नको ते तपशील भरतोच.

आता रॉकनीच्या दाराबद्दल. बोस्टनच्याच गाउडी कंपनीने १९३३ला स्पोर्ट किंग्ज नावाचा संच काढला होता. वेगवेगळ्या खेळांतले ४८ जण, आणि फुटबॉलमधून त्यात रेड ग्रेंज होता, जिम थॉर्प होता आणि रॉकनीही होता. नदीपलीकडच्या स्पर्धकाच्या पुड्या मुलं उघडतायत हे नॅशनल चिकलला दिसत नव्हतं असं होणार नाही. म्हणून मी ग्रेंज आणि थॉर्प दोघांनाही आत घेतो. ग्रेंजचा तर दुहेरी हक्क आहे. तो बेअर्सकडून १९३४चा हंगाम खेळून थांबला, आणि मॉन्टगोमेरी जर चालतो तर ग्रेंज न चालायला कारण नाही. थॉर्प १९१२च्या ऑलिंपिकचा विजेता, कार्लाइलच्या आदिवासी मुलांच्या शाळेतून आलेला, १९२०ला लीग स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष. रॉकनी ज्या मानाने संचात आला त्याच मानाने तो येईल.

इथवर जी नावं सांगितली ती सगळी अशी की कंपनीने काढली असती, किंवा काढली असती असं मानायला जागा आहे. यापुढचं नाव तसं नाही.

जो लिलार्ड. १९३२ आणि १९३३ला कार्डिनल्सकडून खेळला. धावायचा, पास फेकायचा, किकही मारायचा. कृष्णवर्णीय होता. १९३३नंतर तो आणि पिट्सबर्गचा रे केम्प लीगबाहेर गेले आणि १९४६पर्यंत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. लेखी नियम कुठे नव्हता, मालकांचं आपसांत ठरलेलं होतं, आणि त्यात बोस्टनच्या मालकाचं, जॉर्ज प्रेस्टन मार्शलचं नाव सगळ्यांत पुढे घेतलं जातं. त्याचा संघ पुढे वॉशिंग्टनला गेला आणि १९६२पर्यंत त्याने कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला नाही. ज्या गावाशेजारी ही कार्डं छापली त्या गावचा संघ तो. छत्तिसांतले सगळे चेहरे गोरे का आहेत याचं उत्तर इथे आहे.

लिलार्डला ३९ नंबर देऊन हर्बर आणि हाइनच्या मध्ये बसवणं सोपं आहे. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं. महिनाभर ते कार्ड पाहिलं आणि मला ते खोटं वाटू लागलं. कारण मग संच असा दिसतो की जणू काही झालंच नव्हतं, १९३५ला सगळे एकत्र सुखाने खेळत होते. लिलार्डवर झालेला अन्याय मी माझ्या चांगल्या मनाने पुसून टाकत होतो. पण त्याला वगळणंही मला शक्य नव्हतं. मग थोडा शोध घेतल्यावर लक्षात आलं की १९३५ला लिलार्ड घरी बसलेला नव्हताच. न्यूयॉर्कमध्ये, हार्लेममध्ये ब्राउन बॉम्बर्स नावाचा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ उभा राहिला होता, फ्रिट्झ पोलार्ड त्याचा प्रशिक्षक होता आणि लिलार्ड त्यात खेळला. तेव्हा माझ्या कार्डावर तो कार्डिनल्सच्या पोशाखात नाही. खाली लिहिलंय: जो लिलार्ड, ब्राउन बॉम्बर्स. आकार तोच, रंग तेच, चित्राची धाटणी तीच. पाठीवर नंबराची जागा कोरी सोडली आहे. पोलार्डचंही तसंच एक केलं. प्रशिक्षक म्हणून, कोऱ्या नंबराचं. माझ्या एकोणीस कार्डांत नंबर असलेली बारा आणि कोरी सात आहेत, आणि ती सात मी वेगळ्या पाकिटात पण त्याच डब्यात ठेवतो. मुलाबरोबर हे काम करताय, तर हे संभाषण त्याच्याशी करा. तो विचारणारच आहे की सगळे गोरे कसे.

आता पाठ. बहुतेकजण इथे कंटाळतात आणि खेळाडूची माहिती टाकून मोकळे होतात. मूळ कार्डांच्या पाठीवर हिरव्या शाईत खेळण्याच्या क्लृप्त्या आहेत, एडी केसीच्या नावाने. केसी हार्वर्डचा माजी प्रशिक्षक, १९३५ला बोस्टन रेडस्किन्स त्याच्याकडे होते. म्हणजे मुलगा गम चघळत कार्ड उलटायचा आणि त्याला टॅकल कसा करावा ते वाचायला मिळायचं. जोडकार्डावरही तसंच हवं, आणि ते १९३५च्या नियमांतलं हवं. पुढे फेकायचा पास १९३३पासून, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेमागून कुठूनही चालत होता, त्याआधी पाच यार्ड मागे जावं लागायचं. गोलपोस्ट १९३३ला गोलरेषेवर आले होते. चेंडू १९३४ला थोडा बारीक झाला होता, तरी ड्रॉप किक, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारायची किक, अजून जिवंत होती. खेळाडू बदलण्यावर बंधन असल्यामुळे तेच अकरा जण दोन्ही बाजू खेळत. त्यामुळे हटसनच्या पाठीवर 'रिसीव्हर' हा शब्द घालू नका, तो एंड आहे, आणि एंडला बचावही करावा लागतो. केसीची सही किंवा नाव मात्र वापरू नका. त्याने न लिहिलेलं त्याच्या तोंडी घालायचं नाही. मी तिथे काही लिहीत नाही, क्लृप्ती तेवढी देतो. हाइनच्या पाठीवरची क्लृप्ती मी इथल्या शाळेतल्या एका निवृत्त प्रशिक्षकाकडून समजून घेतली: चेंडू देताना मनगट कधी वळतं, मान कधी उचलायची. तुमच्या घरात तर खेळणारा मुलगा आहे. त्याचा प्रशिक्षक आणि तो मिळून हे माझ्यापेक्षा चांगलं लिहितील.

छपाईचं थोडक्यात सांगतो. मूळ कार्ड पावणेतीन इंचांहून किंचित उंच आहे, नेमकं सांगायचं तर २ ३/८ बाय २ ७/८ इंच, म्हणजे साधारण ६० बाय ७३ मिलिमीटर. आजच्या अडीच बाय साडेतीनच्या कार्डाहून ते ठेंगणं आणि जास्त चौकोनी दिसतं, त्यामुळे चित्राची मांडणी आधी या चौकटीत करा. चकचकीत कागद घेऊ नका, साधा, चकाकीचा लेप नसलेला ३०० जीएसएमच्या आसपासचा पुठ्ठा, किंचित साईच्या रंगाचा. तपकिरी नको, जुना दिसावा म्हणून कागद रंगवणं मला पसंत नाही. ही कार्डं दुकानात आली तेव्हा कोरी करकरीत आणि रंगाने भडक होती. आपण नवं कार्ड काढतोय तर ते नव्यासारखंच दिसू दे. रंग चार-पाचच ठेवा, जाड पोस्टर कलरने सपाट भरा, १२०० डीपीआयला स्कॅन करा आणि संगणकावर सावल्या घालू नका. काळ्या रेघा फक्त काळ्या शाईत जायला हव्यात. चारी रंगांतून बनवलेला काळा बारीक रेघेला झालर आणतो आणि तो भिंगाशिवायही कळतो. तुमचा छापणारा याला कंटाळा करेल, पण हट्ट धरा.

आणि आता गैर आहे का, हा प्रश्न. मनात खोट नसेल तर नाही, पण तुमचं मन पुढच्या हातात जाताना कार्डाबरोबर जात नाही. काही वर्षांपूर्वी मी एका मेळाव्यात माझं हटसनचं कार्ड भेट म्हणून काही जणांना दिलं. त्यातलं एक कोणीतरी चहाच्या पाण्यात बुडवलं, कोपरे घासले आणि 'कधीच बाजारात न आलेला नमुना' म्हणून विकलं. फसायला कारण होतं, कारण नॅशनल चिकलच्याच बेसबॉलच्या डायमंड स्टार्समधल्या १२ न निघालेल्या कार्डांचा अखंड ताव पुढे खरोखर सापडला होता. मग फुटबॉलचाही सापडू शकतो असं माणसाला वाटणारच. विकत घेणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. कोणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून ते खातरजमा करायला माझ्याकडे आले. रुमालात गुंडाळून आणलं होतं. मला ते उघडायच्या आधीच कळलं. त्यांच्या तोंडावर सांगणं मला फार जड गेलं.

तेव्हापासून माझं प्रत्येक कार्ड मूळ कार्डाच्या रुंदीचं पण दोन मिलिमीटर उंच असतं. पाकिटात बसतं, पण खऱ्या कार्डावर ठेवलं की डोकं वर काढतं. पाठीवर त्याच हिरव्या शाईत, मजकुराच्या आतच, मी काढलं ते साल छापतो. कडेला छापलं तर कापून टाकता येतं, म्हणून आत. कंपनीचं नाव कुठेही घालत नाही. आणि विकत नाही. खेळाडू गेले तरी त्यांच्या चेहऱ्यांवर त्यांच्या घरच्यांचा हक्क असू शकतो, आणि विकायला लागलं की मनातली यादीही बदलते, हाइन मागे पडतो आणि चारदा ग्रेंज निघतो.

तर २०४ नका करू. बारा करा. मूळची छत्तीस बारांच्या तीन गटांत नीट बसतात, मग चौथा गट तुमचा. हर्बर, रसेल, हाइन, डॅनोस्की, हेविट, ग्रेंज, थॉर्प, हटसन ही माझी आठ नावं घ्या किंवा टाकून द्या. उरलेल्या चारांत डेट्रॉइट, पिट्सबर्ग, ब्रुकलिन आणि बोस्टनचा एकेक बसवा, म्हणजे रांग तुटणार नाही. ती चार नावं मी मुद्दाम देत नाही. त्या काळची वर्तमानपत्रं चाळून मुलालाच शोधू द्या. अट एकच, नाव १९३४ किंवा १९३५च्या बातमीत छापलेलं दाखवता आलं पाहिजे.

आणि माझं एक काम करा. माझ्याकडच्या सार्बोच्या पाठीवर कधीकाळी कोणीतरी कागद चिकटवून उखडलाय, त्यामुळे १४ नंबरची क्लृप्ती मला अर्धीच वाचता येते. तुमच्या कार्डाच्या पाठीचा फोटो पाठवाल का? खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश न लावता, आणि कार्ड पाकिटातून बाहेर काढताना कोपऱ्यांना नाही, कडांना धरा.